टाळ्या वाजवल्या, आता उत्तर द्या

वक्तृत्व स्पर्धांच्या व्यासपीठावर मी माझ्या वडिलांना अकरा वेळा मारलं आहे.

वडील जिवंत आहेत. काल रात्रीच त्यांचा फोन आला होता. कापसाचा भाव सांगितला, ‘जेवला का’ विचारलं आणि ठेवला. पण ‘मी शेतकऱ्याचा मुलगा बोलतोय’ या माझ्या सात मिनिटांच्या भाषणात ते पाचव्या मिनिटाला आत्महत्या करायचे. मी दोन सेकंद थांबायचो, आवाज खाली आणायचो, आणि सभागृहात कुणी नाक ओढल्याचा आवाज आला की मनात म्हणायचो, आज पहिला नंबर आपलाच.

कॉलेजच्या पाच वर्षांत मी विदर्भ-मराठवाड्यातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा एसटीने फिरून केल्या. दोन शर्ट, मित्राचं जॅकेट, पिशवीत भाषणांची वही. रोख बक्षिसातून मेसचं बिल जायचं, उरलेल्या पैशांतून पुढच्या स्पर्धेचं तिकीट निघायचं. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते हरलेल्या स्पर्धकाचं रडगाणं समजू नका. मी जिंकणारा होतो. गावच्या घरी माळ्यावर अजून नऊ करंडक धूळ खात पडलेत. आणि जिंकणारा होतो म्हणूनच सांगतो : या स्पर्धांत परीक्षा चुकीच्या माणसाची घेतली जाते. बोलणाऱ्याला गुण देतात, ऐकणाऱ्याला कोणी काही विचारतच नाही.

हे आत्ता लिहायला भाग पाडलं एका फ्रेंच माहितीपटाने. नाव ‘आ व्वा ओत’, म्हणजे साधारण ‘मोठ्या आवाजात’. इंग्रजीत तो ‘स्पीक अप’ या नावाने सापडतो. स्तेफान द फ्रेतास आणि लाज ली यांनी केलेला. २०१६मध्ये तो फ्रान्सच्या सार्वजनिक वाहिनीवर दाखवला गेला आणि २०१७मध्ये थिएटरात आला. यातल्या लाज लीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१९मध्ये कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळवणारा ‘ले मिझेराब्ल’ त्याचा.

माहितीपट घडतो पॅरिसच्या उत्तरेला खेटून असलेल्या सें-दनीमध्ये. फ्रान्सचे राजे इथल्या बॅसिलिकेत पुरलेले आहेत, आणि १९९८चा फुटबॉल विश्वचषक फ्रान्सने इथल्याच स्टेडियमवर जिंकला. पण फ्रान्समध्ये कुणी ‘त्र्याण्णव’ म्हटलं की राजे आठवत नाहीत. ९३ हा या जिल्ह्याचा सरकारी क्रमांक. तो उच्चारला की लोकांच्या डोळ्यांसमोर स्थलांतरितांच्या उंच इमारती, बेकार पोरं आणि पोलिसांच्या गाड्या येतात. इथल्या पॅरिस-८ विद्यापीठात २०१२पासून ‘एलोक्वेन्तिया’ नावाची वक्तृत्व स्पर्धा होते. बक्षीस कसलं, तर ‘९३चा सर्वोत्तम वक्ता’ हा किताब. स्पर्धेआधी मुलांना काही आठवडे तयार केलं जातं. बेर्त्राँ पेरिये नावाचे वकील युक्तिवाद कसा रचायचा ते शिकवतात. कुणी श्वास आणि आवाज शिकवतं, कुणी नाटक, कुणी स्लॅम कविता. एक मुलगा रेल्वे स्टेशन गाठायला कित्येक किलोमीटर पायी चालतो. एकाने रस्त्यावर दिवस काढलेत. एक मुलगी हिजाब घालते आणि स्त्रीवादावर बोलते. ही मुलं आधी अडखळतात, मग उभी राहतात, मग बोलतात, आणि शेवटी खचाखच भरलेलं सभागृह टाळ्यांनी दणाणतं.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी रडलो. आपलीच गोष्ट वाटली. एसटीऐवजी मेट्रो, बाकी सगळं तेच.

दुसऱ्यांदा पाहताना मी बोलणाऱ्यांकडे बघणं सोडलं आणि ऐकणाऱ्यांकडे बघू लागलो. पहिल्या रांगेतले परीक्षक, पाहुणे, टाळ्या वाजवणारे हात. आणि मला माझी सभागृहं आठवली. रस्त्यावर राहिलेल्या मुलाचं भाषण ऐकून डोळे पुसणाऱ्या या लोकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं काय केलं असेल? त्यांच्यातला कोण घरांच्या प्रश्नावर कुठल्या खुर्चीत बसतो? माहितीपट हा प्रश्न विचारत नाही. माझ्या अकरा भाषणांनंतरही तो कुणी विचारला नव्हता.

मला काय विचारलं जायचं ते सांगतो. भाषणानंतर प्रमुख पाहुणे खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, “आवाज कसा कमावलास रे?” एका परीक्षकांनी तो दोन सेकंदांचा पॉज फारच प्रभावी असल्याचं जाहीर केलं. कापूस, कर्ज आणि मरण यांवरच्या भाषणांनंतर पाच वर्षांत एकाही माणसाने मला कापसाचा भाव विचारला नाही. बाप मेलेल्या मुलाला, कारण त्यांच्या लेखी तो मेलाच होता, घरी आता कोण आहे, कर्ज फिटलं का, हेसुद्धा कोणी विचारलं नाही. प्रमाणपत्र दिलं, चहा दिला, एसटी स्टँडपर्यंत सोडायला गाडी दिली.

२०१७च्या हिवाळ्यात माझ्या भाषणाचा व्हिडिओ कुणीतरी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. बाबांनी तो पारावर बसून, चार माणसांच्या घोळक्यात पाहिला. मी घरी गेलो तेव्हा ते चिडले नव्हते. चहा पिता पिता एवढंच म्हणाले, “मले मारून किती भेटले रे तुले?”

मी म्हणालो, सात हजार.

“चांगले भेटले,” बाबा म्हणाले. “क्विंटलभर कापसाले एवढे नाई भेटत.”

त्यानंतर ते भाषण मी केलं नाही. पण ‘मी सुधारलो’ एवढ्यावर हे संपत नाही. खोटं मी बोललो हे खरंच. तरी त्या खोट्याला बाजारभाव कोणी ठरवला? बाप जिवंत ठेवून, पीककर्जाची मुदत, जिनिंगवाल्याची कटती आणि पीकविम्याचे निकष यांवर मी एकदा भाषण केलं होतं. उत्तेजनार्थही मिळालं नाही. परीक्षकांचा शेरा होता : विषय चांगला, पण काळजाला भिडत नाही. गरिबाच्या पोराने काय बोलायचं हे स्पर्धेने असं ठरवून टाकलेलं असतं. हिशेब मांडू नकोस, जखम दाखव. हिशेब मांडलास तर आम्हाला उत्तर द्यावं लागेल. जखम दाखवलीस तर नुसतं रडलं तरी भागेल.

आता तर स्पर्धांचीही गरज उरलेली नाही. तेच भाषण रीलवर चालतं. फक्त सात मिनिटं नसतात. काही सेकंदांतच बाप मारावा लागतो.

जखमेआधी आणखी एक फी भरावी लागते. ती उच्चाराची. माझ्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत मी पाणीटंचाईवर बोललो आणि प्रत्येक वेळी ‘पानी’ म्हणालो. आमच्या वऱ्हाडात पानीच म्हणतात. गुणपत्रिकेत ‘उच्चार व भाषाशुद्धता’ हा वीस गुणांचा रकाना होता. मला चार मिळाले. निकाल सांगताना एक परीक्षक हसून म्हणाले, “पाण्यावर बोलणाऱ्याने आधी पाण्याला तरी न्याय द्यावा.” सभागृह हसलं, मीही हसलो. मग तीन महिने आरशासमोर उभं राहून मी ण घोटला. पाणी, लोणी, कोणी, आणि, म्हणून. पुढच्या वर्षी त्याच व्यासपीठावर दुसरा आलो. गावात पाणी तेव्हाही आठवड्यातून दोनदाच येत होतं.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. २०१८मध्ये फ्रान्सचे बडे नेते जाँ-ल्यूक मेलाँशों यांना एका पत्रकार बाईंनी प्रश्न विचारला. त्यांचा उच्चार दक्षिणेकडचा, तुलूझच्या बाजूचा. नेत्यांनी त्यांची नक्कल केली आणि बाकीच्यांकडे वळून विचारलं, कोणी मला फ्रेंचमध्ये प्रश्न विचारेल का? प्रश्न बाजूलाच राहिला. पुढे नोव्हेंबर २०२०मध्ये फ्रेंच संसदेच्या खालच्या सभागृहाने उच्चारावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचं विधेयक ९८ विरुद्ध ३ मतांनी मंजूर केलं. म्हणजे दुखणं खरं आहे हे तिथल्या खासदारांनाही पटलं होतं. आणि गंमत बघा, त्याच देशाने २०२१पासून बारावीच्या तोडीच्या बॅकलोरिया परीक्षेत ‘ग्राँ ओराल’ ही तोंडी परीक्षा सक्तीची केली. वीस मिनिटं, परीक्षकांसमोर. हेतू चांगलाच असणार. पण ज्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर रोज परीक्षकांच्याच भाषेत गप्पा होतात, त्या पोराची तयारी जन्मापासून झालेली असते. बाकीच्यांनी आरशासमोर आपापला ण घोटायचा.

माहितीपटाचं म्हणणं असं दिसतं की ९३च्या मुलांकडे शब्द नव्हते. शब्द दिले, आता दारं उघडतील. मला ते पटत नाही, आणि का ते त्याच जिल्ह्याचा इतिहास सांगतो. २७ ऑक्टोबर २००५. क्लिशी-सू-ब्वा हे ९३मधलंच गाव. पोलिस मागे लागले म्हणून पळालेली दोन मुलं, एक सतरा वर्षांचा आणि एक पंधरा, विजेच्या उपकेंद्रात लपली आणि शॉक लागून गेली. ते आत शिरले असतील तर त्यांचं काही खरं नाही, अशा अर्थाचं वाक्य एक पोलिस वायरलेसवर बोलला होता. ते रेकॉर्डवर आहे. वाक्य स्पष्ट होतं, फ्रेंच होतं, उच्चारात खोट नव्हती. तरी वीज कंपनीला कुणी फोन केला नाही. त्यानंतर तीन आठवडे फ्रान्सच्या उपनगरांत गाड्या जळत होत्या आणि सरकारने आणीबाणी लावली. वेळेवर मदत न केल्याच्या खटल्यात दोन पोलिस २०१५मध्ये, दहा वर्षांनी, निर्दोष सुटले. लाज ली त्या दंगलींच्या काळात आपल्या वस्तीत कॅमेरा घेऊन फिरत होता. हे सगळं त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या दहा वर्षांत ९३ गप्प बसलं नव्हतं. आयांनी, भावांनी, वकिलांनी, रॅप गाणाऱ्यांनी बोलून बोलून घसा कोरडा केला होता. वक्त्यांचा दुष्काळ त्या जिल्ह्यात कधीच नव्हता.

पेरियेंच्या एका पुस्तकाचं नावच आहे, बोलणं हा लढण्याचा खेळ आहे. ठीक. पण या खेळात समोरचा कोण? तुमच्यासारखाच एक स्पर्धक. त्याला चीत करून तुम्ही जिंकता. ज्याच्याशी खरं भांडण आहे तो गुणपत्रिका घेऊन बाजूला बसलेला असतो. एलोक्वेन्तियात विषयाची बाजू वाटून दिली जाते. आपल्या वादविवाद स्पर्धेतही अनुकूल-प्रतिकूल असतं. त्याने दुसऱ्याची बाजू कळते म्हणतात. आमच्या संघात प्रतिस्पर्ध्याचं खंडन आदल्या रात्रीच लिहून ठेवलेलं असायचं. तो काय बोलणार हे ऐकायची गरजच नसायची.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे वक्ता दुर्मीळ मानायची जुनी सवय आहे. दहा हजारांत एखादाच, असं सुभाषितात सांगितलेलं आपण शाळेपासून ऐकतो. मला वाटतं दुर्मीळ आहे तो ऐकणारा. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता त्या खानदेशातल्या आपल्या बोलीत ओव्या रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर यांनी त्या ऐकून उतरवून ठेवल्या. पुढे सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि १९५२मध्ये, बहिणाबाई गेल्यानंतरच्या वर्षी, पुस्तक आलं. अत्रे म्हणजे सभा गाजवणारा माणूस. पण मराठीवर त्यांचे जे उपकार आहेत, त्यात एक उपकार हा ऐकण्याचा आहे. शेतकरी बाईची बोली ऐकून त्यांनी तिच्या उच्चाराचे गुण कापले नाहीत.

आणि आमचे गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्या माणसांना विचारलेले प्रश्न. लोकांनी उत्तर द्यायचं, मग पुढचा प्रश्न. नुसतं ऐकून, डोळे पुसून घरी जायची सोय तिथे नव्हती. कीर्तनाआधी हातात झाडू यायचा. बाबा आज आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरले तर उच्चाराला शून्य, वेळेच्या बंधनाला शून्य आणि ‘श्रोत्यांशी हुज्जत घातली’ म्हणून बाद.

माझ्या गावची ग्रामसभा सांगतो. मी तेव्हा जिल्ह्यातला नावाजलेला वक्ता. टाकीच्या पाण्याचा विषय निघाला. माझी माय उभी राहिली. “टाकीचं झाकन तीन महिने झाले उघडं हाये. कबुतरं मरून पडते अंदर. पोरं बिमार पडून राह्यले. इचारलं तं म्हन्ते पाहू. कधी पाह्यसान?” चार-पाच वाक्यं. ग्रामसेवक वहीत मान घालून बसले होते. कुणीतरी म्हणालं, काकू बसा आता. मग सरपंच माझ्याकडे वळले : आपला वक्ता आलाय, त्याला दोन शब्द बोलू द्या. मी उठलो. पाण्याचं महत्त्व, संतांची शिकवण, सरकारची जबाबदारी, सगळ्यावर मिळून सहा मिनिटं बोललो. ण एकही चुकला नाही. टाळ्या पडल्या. ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये माझं नाव आलं : ‘यांनी पाणी या विषयावर मार्गदर्शन केले.’ मायचं वाक्य आलं नाही. झाकणही आलं नाही. ते बसलं चार महिन्यांनी, एका पोराला कावीळ होऊन दवाखान्यात भरती केल्यावर.

त्या दिवशी मायने माझ्यापेक्षा चांगलं भाषण केलं होतं. काय बिघडलंय, कधीपासून, त्याने काय होतंय, जबाबदार कोण आणि मागणी काय, सगळं होतं त्यात. कमी होतं ते फक्त ऐकणारं माणूस. आणि मी, स्पर्धेत घडवलेला माणूस, तिच्या बाजूने उभा राहण्याऐवजी तिच्यानंतर उभा राहिलो. ‘माय काय बोलली ते आधी लिहा’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते मला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला गुण नसतात.

इथे तुम्ही म्हणाल, स्पर्धांनी तुला काहीच दिलं नाही का? दिलं. आज मी शहरात नोकरी करतो. मुलाखतीला पाय लटपटले नाहीत ते व्यासपीठामुळेच. सें-दनीतल्या मुलांचाही विजय मी काढून घेत नाही. सगळ्यांसमोर उभं राहून स्वतःचं नाव मोठ्याने घेता येणं ही लहान गोष्ट नाही, मुलींसाठी तर नाहीच. आणि माहितीपटात मला सर्वांत भावलं ते अंतिम फेरीतलं नाही, तयारीच्या वर्गातलं आहे : मुलं एकमेकांचं ऐकतात, अडखळणाऱ्याला सावरून घेतात. तिथे गुण नव्हते म्हणूनच ते जमलं असावं. माझा राग बोलायला शिकवण्यावर नाही. एका बाजूला शिकवून दुसऱ्या बाजूला सूट देण्यावर आहे. ‘पोरांनो, बोलायला शिका’ असं सांगणाऱ्या प्रत्येक सभागृहात ज्यांनी आजवर ऐकलं नाही ते पहिल्या रांगेत, सोफ्यावर बसलेले असतात. दोष तुमच्या जिभेत आहे, असं ते तुम्हाला सांगतात आणि तुम्ही ते मान्य करून आरशासमोर उभे राहता.

स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. बदला. उच्चाराचा रकाना काढा. त्याऐवजी परीक्षकांना विचारा की त्यांना काय समजलं, आणि चुकीचं समजलं असेल तर गुण त्यांचे कापा. भाषण पाच मिनिटं ठेवा आणि पुढची पाच मिनिटं श्रोत्यांच्या प्रश्नांना द्या. पुढच्या स्पर्धकाने आपलं भाषण सुरू करण्याआधी मागच्याचं म्हणणं दोन वाक्यांत सांगावं, आणि मागच्याने ‘हो, हेच म्हणत होतो’ म्हटलं तरच घंटा वाजावी. विषय कापसाचा असेल तर परीक्षकांत एक कापूसवाला बसवा. त्याला माझा पॉज अजिबात प्रभावी वाटला नसता.

आणि तुम्ही, जे उद्या कुठल्यातरी सभागृहात किंवा मोबाइलच्या स्क्रीनवर अशाच एखाद्या पोराचं भाषण ऐकाल. त्याचा बाप पाचव्या मिनिटाला मेला तर लगेच टाळ्या वाजवू नका. भाषण संपलं की त्याला गाठा आणि विचारा : घरी कोण कोण असतं? यंदा भाव काय मिळाला?

बाप खरंच गेला असेल, तर तो खाली बसून बोलेल आणि तुम्हाला थांबून ऐकावं लागेल. आणि जिवंत असेल, तर पुढच्या स्पर्धेत त्याला मारताना त्या पोराची जीभ अडखळेल. माझी अडखळली असती. मला कुणी विचारलंच नाही.